आडवं पळायचं

माझा नवरा विहिरी बुजवायचा. लोणारात हे कोणाला सरळ सांगायची सोय नव्हती, कारण आमच्याकडे विहीर खोदणाऱ्याला मान आहे, बुजवणाऱ्याकडे लोक जरा वाकडंच बघतात. म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई आशाबाई, सगळ्यांना सांगायच्या, "गणेश तेल कंपनीत हाये." ऐकणाऱ्याला वाटायचं, हा तिकडे गुजरातेत तेल काढतो. दुकानात येणाऱ्या बाया मला म्हणायच्या, सुटीवर येताना एखादा डबा आणायला सांग ना त्याला. मी म्हणायची, सांगते, पण त्यात भजी तळायला बसलात तर घर उडेल.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्याला विचारलं होतं की तू नेमकं करतोस काय. तो म्हणाला, "इथं बोअर मारला की पाणी लागते. तिथं आम्ही विहीर मारली की सगळं गप होते." मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्यानं नीट समजावलं. तेलाची नाही तर गॅसची विहीर म्हणजे जमिनीत खोल गेलेला लोखंडी पाइप. त्यातलं काढण्यासारखं संपलं तरी ती तशीच सोडता येत नाही, खाली उरलेला गॅस आज ना उद्या वाट काढून वर येतो. म्हणून आधी जड गाळ ओतून त्याला खाली दाबायचं. त्यालाच ते विहीर मारणं म्हणतात. मग टप्प्याटप्प्यानं सिमेंट भरायचं, पाइपचा वरचा भाग जमिनीच्या आत कापून टाकायचा, त्यावर जाड पत्र्याचं झाकण वेल्डिंग करून बसवायचं आणि माती लोटायची. पुढच्या हंगामात शेतकरी त्यावरून नांगर फिरवतो. "आपलं काम कोणालेच दिसत नाही, म्हंजे ते चांगलं झालं," असं तो म्हणायचा आणि खूश व्हायचा. असल्या गोष्टींवर खूश होणारा माणूस होता तो.

धाकटा दीर चंद्रशेखर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नववीत होता, म्हणून मी त्याला भाऊजी वगैरे कधी म्हटलं नाही, शेखरच म्हणते. आयटीआय करून घरी बसला होता, तर गणेशनं त्याला आपल्याच साइटवर लावून घेतलं. आत्याबाईंना बरं वाटलं. दोघं भाऊ एकमेकांवर लक्ष ठेवतील, असं त्या म्हणाल्या होत्या.

माझं बसस्टँडजवळ फॉल-पिकोचं दुकान आहे. त्या दिवशी मशीनखाली एक मोरपंखी साडी होती. मामाजी, म्हणजे माझे सासरे शेषराव, दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी नुसता आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. पलीकडे साइटचे साहेब होते. विहिरीतून विषारी गॅस सुटला, गणेश गेला, शेखर दवाखान्यात आहे, असं ते हिंदीत सांगत होते. मी ऐकून घेतलं, फोन मामाजींना परत दिला आणि उरलेला फॉल शिवून पूर्ण केला. धागा कापला, साडीची घडी घातली, शटर ओढलं. नंतर लोक म्हणाले, धक्क्यानं असं होतं. मला धक्का कसला जाणवला नाही. मला काहीच जाणवलं नाही, आणि पुढे बरेच दिवस तसंच चाललं. गणेशला आणलं, नेलं, तेरवी झाली. लोक रडले. इरा, माझी मुलगी, दुसरीत आहे, ती रडली. मी सगळ्यांना पाणी दिलं.

एकच गोष्ट आत अडकून बसली होती. त्या दिवशी मी गणेशला फोन केला होता. लागोपाठ दोनदा. कामाच्या वेळेला फोन करत जाऊ नको, असं त्यानं मला शंभरदा बजावलं होतं. तरी केला, आणि तोही अगदी क्षुल्लक कामासाठी. त्यानं उचलला नाही. मला जरा रागही आला होता. मग थोड्या वेळानं मामाजी पायरीशी येऊन उभे राहिले.

साहेब तेरवीला आले होते. चांगला माणूस वाटला, हात जोडूनच बसला होता. जाताना मला म्हणाला, "समझ में नहीं आता भाभीजी. बाकी सब भाग गए. भागना तो गणेशभाई ने ही सबको सिखाया था. फिर ये दोनों भाई गॅस की तरफ क्यों गए?" उत्तर माझ्याकडे असल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, चहा घ्या.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. सगळ्यांना पळायला शिकवणारा माणूस पळाला का नाही? माझा फोन वाजला म्हणून तो थांबला का? याचं उत्तर फक्त शेखरला माहीत होतं.

शेखरला आणायला मामाजी गेले. दवाखान्यातून सोडल्यावर रेल्वेनं अकोल्यापर्यंत आणि तिथून एसटीनं मेहकरला आले. मामाजी एसटीतच कंडक्टर होते, मेहकर डेपोला, त्यामुळे तिथं सगळे ओळखीचे. कोणी हात धरला, कोणी चहा आणला. शेखर त्या घोळक्यात उभा होता. तेवढ्यात लोणारची गाडी लागली आणि कंडक्टर दारात उभा राहून ओरडायला लागला, लोणार, लोणार, चला लोणार. त्याबरोबर शेखरनं मान वर करून स्टँडवरच्या झेंड्याकडे बघितलं आणि तो पळत सुटला. गाडीकडे नाही, बाहेरच्या रस्त्याकडेही नाही, स्टँडमधून आडवा, माणसांना ढकलत. कँटीनच्या मागे तो सापडला, भिंतीला टेकून धापा टाकत. मामाजींनी हे घरी आल्यावर सांगितलं. "घरी यायचं जिवावर आलं व्हतं त्याच्या," ते म्हणाले. "भावाले सोडून कोणत्या तोंडानं यावं असं वाटलं असन पोराले." आम्ही सगळ्यांनी तेच खरं मानलं.

घरी आल्यावर शेखर ओट्यावर बसू लागला. सकाळी बसायचा तो संध्याकाळपर्यंत. विचारलं तर 'हाव' किंवा 'नाही', एवढंच. एकदा आत्याबाईंनी चुकून कालचं वरण वाढलं त्याला, पार आंबलेलं, मला ताटापासून लांबूनही कळलं. त्यानं सगळं खाल्लं, ताट धुवून ठेवलं. माझीही गत फार वेगळी नव्हती. मी दुकान उघडलं होतं, मशीन चालवत होते, इराला डबा देत होते. कोणी विनोद केला तर हसतही होते. लोकांना वाटलं सावरली बिचारी. आम्ही दोघं एकाच घरात दोन बाहुल्यांसारखे वावरत होतो, आणि माझ्याशी नजर मिळवायचं तो टाळायचा. मी आत आले की तो बाहेर. मी बाहेर आले की त्याला काहीतरी काम आठवायचं. तेवढ्यावरून मला कळत होतं की फोनचं त्याला माहीत आहे.

सत्यभामाबाई म्हणून आमच्या गल्लीतल्या एक आहेत. ब्लाउजचं माप द्यायला आल्या आणि टेप छातीभोवती असताना म्हणाल्या, "आजकालच्या पोरायचं काय सांगाव माय, कानाले फोन लावून चालतेत अन् तसेच मरतेत. गणेशचंबी तसंच काही झालं असन." मी टेप जरा जास्तच आवळला. त्या ओरडल्या. ब्लाउज मी त्यांना घट्टच शिवून दिला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी मामाजींना म्हटलं, मी शेखरला विचारणार आहे. त्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "एक पोरगं गेलं माह्यं. दुसऱ्याले खोदून खोदून इचारू नको व बाई. तो हाये, जेवून राह्यला, झोपून राह्यला. तेवढं राहू दे." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी बाप असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण मी बाप नव्हते, मी फोन करणारी होते.

महाशिवरात्र होऊन गेल्यावर, उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. मामाजी आणि आत्याबाई इराला घेऊन दैत्यसूदनाच्या देवळाकडे गेले होते. मी दुकान लवकर बंद करून आले आणि ओट्यावर निवडायला मेथी घेऊन बसले. शेखर दुसऱ्या टोकाला होता. मला वाटलं उठून जाईल. तो उठला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बंद झाली वहिनी."

"काय?"

"विहीर. साहेबाचा फोन आला व्हता. झाकण बसवलं म्हणे काल, मातीबी टाकली."

इतक्या आठवड्यांत त्यानं माझ्याशी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. मला विहिरीबद्दल काहीतरी वाटायला हवं होतं, सूड उगवल्यासारखं नाही तर निदान सुटल्यासारखं. काही वाटलं नाही. मी मेथीची पानं खुडत राहिले आणि त्याच सुरात विचारून टाकलं.

"शेखर, गणेश पळाला काऊन नाही?"

"पळाला व्हता," तो म्हणाला. "सगळ्यात आंधी तोच पळाला. वापस आला तो माह्यासाठी."

"मग तू काऊन नाही पळाला?"

"मले वाटलं, दादा इचारून राह्यला."

"काय इचारून राह्यला?"

"लोणार का म्हणून."

मला यातलं काही समजलं नाही. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण मग त्यानं सुरुवातीपासून सांगितलं. थांबत थांबत, हातातल्या काडीनं ओट्यावर रेघा मारत. त्याचं सगळं बोलणं मला जसंच्या तसं मांडता येणार नाही, पण गोष्ट अशी होती.

त्या गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो. थोडा असला तरच येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, माणसाला वाटतं गेला गॅस, आणि तेव्हाच तो मारतो. कामावर घेण्याआधी सगळ्यांना हे शिकवतात. गणेशच्या वेळी शिकवणाऱ्यानं विचारलं होतं, हा वास कोणी घेतलाय का आधी? गणेशनं हात वर केला. म्हणाला, साहेब, ये तो हमारे गाँव की हवा है. सगळा वर्ग हसला. पण ते खरंच आहे. आमच्या सरोवराला तसाच वास येतो, उन्हाळ्यात संध्याकाळी वारा फिरला की गल्लीपर्यंत येतो. सरोवर बघायला बाहेरून आलेले लोक नाकाला रुमाल लावतात. आम्हाला वास येत नाही असं नाही, पण आम्ही त्याला वास म्हणत नाही. आई-बापाच्या घरी धामणगाव बढ्याला गेले की दोन दिवसांनी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, ते हेच असावं.

साइटवर अडचण अशी होती की 'गॅस' असं ओरडलं तरी तिथं कोणी मान वर करत नाही. चहाच्या शेगडीचाही गॅस, लोखंड कापायच्या कटरचाही गॅस, दिवसभर तोच शब्द. वर पंपाची घरघर. तेव्हा वेगळा शब्द पाहिजे होता, आणि तो गणेशनंच दिला. तो म्हणाला, लोणार म्हणा. हाक लांबवर जाते, माह्या बापानं जलमभर हेच ओरडून घर चालवलं. झालं. बिहारी, ओडिया, गुजराती, सगळी पोरं तेच म्हणायला लागली. लोणार म्हणजे तो गॅस. लोणार ऐकलं की हातातलं टाकायचं, वर लावलेल्या फडक्यावरून वारा कुठून येतो ते बघायचं, आधी आडवं पळायचं, मग वाऱ्याच्या तोंडाकडे. गणेशनं सगळ्यांकडून ते घोटून घेतलं होतं. तिथल्या माणसांना लोणार नावाचं गाव आहे हेही धड माहीत नव्हतं.

मेहकरच्या स्टँडवर तो का पळाला ते मला तेव्हा कळलं. मी मेथी खाली ठेवली.

"त्या दिवशी मी केबिनीत गेल्तो," शेखर म्हणाला. "हातमोजे घ्याले. विहिरीपाशी फोन नेता येत नाही, सगळ्यायचे फोन तिथं पेटीत राह्यतेत. पेटीत फोन वाजून राह्यला व्हता. दादाचा."

"माझा फोन होता."

"तुमचा व्हता. बंद झाला अन् पुन्हा वाजला. मले वाटलं घरी काही झालं का काय. मी घेतला अन् भाइर आलो. दादा विहिरीच्या तोंडाशी व्हता. मी लांबूनच फोन वर करून दाखवला त्याले. त्यानं माह्याकडे पाह्यलं अन् आरडला, शेखर, लोणार!"

त्याच्या हातातली काडी मोडली. त्यानं दुसरी शोधली नाही.

"बाकीचे पळाले वहिनी. त्यायले लोणार म्हंजे गॅस. दुसरं काहीच नाही. मले वाटलं, दादा इचारून राह्यला, फोन लोणारचा हाये का? मी मान हालवली. हाव म्हटलं. अन् फोन घेऊन त्याच्याकडे निंगालो."

गणेश तोवर निम्म्या मैदानापलीकडे गेला होता, आडवा, शिकवल्याप्रमाणे. मागं वळून बघितलं तर धाकटा भाऊ विहिरीकडे चाललेला, हातात फोन धरून. तो परत फिरला. मास्क घ्यायला वेळ नव्हता, श्वास कोंडून आला असावा. शेखरला मागून धरून तो ढकलत राहिला. "ढकलून राह्यला व्हता अन् शिव्या देऊन राह्यला व्हता," शेखर म्हणाला. "एकसारख्या शिव्या. मंग शिव्या बंद झाल्या." म्हणजे श्वास कोंडलेला नव्हता. शिव्या देण्यासाठी त्यानं तो सोडला. माझा नवरा असाच होता, गप राहणं त्याला जमायचं नाही.

एवढं ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण मला माझं उत्तर अजून मिळालं नव्हतं, आणि आता नाही विचारलं तर पुन्हा कधी विचारणार नाही, हे मला कळत होतं.

"माझा फोन वाजला नसता तर तू पळाला असता?"

शेखरनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तो खोटं बोलू शकला असता. खोटं बोलायला त्याला इतके आठवडे मिळाले होते, बहुतेक त्यानं एखादं तयारही करून ठेवलं असेल.

"हाव," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी तिथंच संपेन. संपले नाही. समोर गल्लीतून एक पोरगी सायकल ढकलत गेली. कोणाच्या तरी घरातून टीव्ही ऐकू येत होता. आणि मग मला राग आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं ते हेच. माझा स्वतःचा आला नाही, शेखरचाही नाही. गणेशचा आला. अरे, विषाला द्यायला तुला जगात दुसरं नाव नव्हतं? बापाचं गाव, बायको-पोरगी राहते ते गाव, त्याचं नाव विषाला दिलंस आणि मग त्याच नावानं सख्ख्या भावाला हाक मारलीस. त्याला घरच आठवणार ना! दुसरं काय आठवणार? मेलेल्या माणसावर मी मनातल्या मनात इतकी चिडले की माझे कान तापले.

"वहिनी," शेखर हळूच म्हणाला, "घरी काय झालं व्हतं? फोन कायले केला व्हता?"

इतके आठवडे तो हे घेऊन बसला होता. भाऊ ज्या फोनसाठी गेला तो निदान तसाच मोठा असला पाहिजे, असं त्याला वाटत असणार. इरा पडली असेल, मामाजींच्या छातीत दुखलं असेल. त्यानं मला खरं सांगितलं होतं, आता मला खोटं बोलता येणार नव्हतं.

"भांड्याच्या दुकानात उभी होते," मी म्हटलं. "कुकरची रिंग घ्यायची होती. घरात दोन कुकर, तीन लिटरच्याची घ्यायची की पाचच्याची, ते आठवेना."

मग त्याचे ओठ आपोआप हलले, शाळेतल्या पोराला प्रश्न विचारला की हलतात तसे.

"पाचची," तो म्हणाला. "तीनची तर मीच नवी टाकली व्हती दिवाळीत."

माझ्या तोंडातून हसू निघालं. निदान सुरुवातीला तरी ते हसूच होतं. मग ते कुठल्या कुठे गेलं आणि मला आवरेना. मी पदराचा बोळा करून नाकातोंडावर दाबला, गल्लीत आवाज जाऊ नये म्हणून, आणि डोकं गुडघ्यात घालून रडले. गणेशला नेलं तेव्हा रडले नव्हते, ते सगळं त्या पाचच्या आकड्यावर आलं. पाच लिटरची. एवढंच होतं. दुकानदारालाही सांगता आलं असतं, कुकर नेऊन दाखवला असता तर.

मान वर केली तेव्हा शेखर ताठ उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या नाकावरच्या पदराकडे बघत होता, आणि मग समोरच्या कडुनिंबाकडे, पानं कोणत्या बाजूला हलतात ते.

"वास आला का वहिनी?" त्यानं विचारलं. "मले येत नाही तवापासून. कशाचाच येत नाही. तुम्ही सांगा. आला का?"

संध्याकाळ झाली होती, वारा सरोवराकडून फिरला होता. मी पदर बाजूला केला. आला होता, रोज यायचा तसाच.

"आला," मी म्हटलं.

"मंग पळू का बसू?"

"बस," मी म्हटलं. "नुसतं लोणार हाये."

तो शब्द ऐकताच त्याची टाच उचललेली मला दिसली. मी पुढे होऊन त्याचा हात धरला, खाली ओढला, आणि तो माझ्याजवळ ओट्यावर बसेपर्यंत सोडला नाही.